आवाजाचे दहा गुण

शाळेत त्यांचं खरं नाव मस्टरवर सही घेणाऱ्या कारकुनालाच काय ते ठाऊक. बाकी सगळ्यांसाठी त्या कानबाई. भाषा शिकवायला लागून त्यांना एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली निदान पंचवीस तरी हे नाव त्यांना चिकटलेलं होतं. असली नावं पाठीमागे घेतात, तोंडावर नाही, तरी त्यांना ते माहीत होतं. मनातून आवडतही होतं. तसं कबूल करण्याइतक्या मात्र त्या भोळ्या नव्हत्या.

नावाचं कारण असं, की कानबाई निबंध वाचत नसत, ऐकत. शाळा सुटली की गठ्ठा त्यांच्याबरोबर घरी यायचा. जेवणाच्या टेबलाशी यजमान बसायचे, निवृत्त ड्राफ्ट्समन, जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढलेला माणूस. ते निबंध मोठ्याने वाचायचे आणि बाई खिडकीशी पाठमोऱ्या बसून ऐकायच्या. अक्षर दिसलं की मन कलतं, म्हणून पाठमोरं बसायचं. वाचणाऱ्याने अभिनय करायचा नाही, हेही ठरलेलं. यजमान बिचारे औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसे वाचायचे. संपलं की बाई म्हणायच्या, "ही डॉक्टरांची धाकटी." यजमान कागदाच्या दुमडलेल्या कडेची टाचणी काढून नाव बघायचे आणि मान डोलवायचे. विसातले एकोणीस अंदाज बरोबर यायचे. विसावा चुकला की त्या दिवशी स्वयंपाकात मीठ जास्त पडायचं.

निबंधाला पन्नास गुण. त्यातले दहा 'स्वतःचा आवाज' या रकान्याचे. हा रकाना बाईंनी भांडून मिळवलेला. मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, तो पटला नव्हता. "आवाज मोजणार कसा?" त्यांनी विचारलं होतं.

"ताप कसा मोजता?"

"थर्मामीटर असतो."

"मग मी आहे ना," कानबाई म्हणाल्या, आणि रकाना छापून आला. त्यात शून्य पडलं की अर्थ एकच. निबंध दुसऱ्याने लिहून दिलेला. तो कागद मोठ्या बाईंकडे जायचा आणि मुलाच्या नोंदीत तसा शेरा पडायचा.

ही संशयाची खोड त्यांना जन्मापासून नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका मुलाचा निबंध इतका डोक्यावर घेतला, की बक्षीस समारंभात स्वतः उभं राहून वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदाला तिसऱ्या रांगेतले एक म्हातारे निवृत्त शिक्षणाधिकारी त्यांच्या आधी वाक्यं म्हणायला लागले. तोंडपाठ होती त्यांना. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वार्षिक अंकातला लेख, त्यांच्या भावाचाच. सभागृह पोट धरून हसलं आणि कानबाई, तेव्हा नुसत्याच बाई, हातातला कागद घेऊन तशाच उभ्या राहिल्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. बाई त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागल्या.

पुढे हे घरातही शिरलं. भाजीवाल्याने एक वांगं जास्त टाकलं तर बाकीची किडकी असणार. शेजारीण हसली तर तिचं काहीतरी काम असणार. परगावच्या लेकीने एकदा वाढदिवसाला चार पानी पत्र पाठवलं, छान मनापासून लिहिलेलं, तर यांनी फोन करून विचारलं, "जावईबापूंनी सांगितलं का गं हे? तू असं बोलत नाहीस." तेव्हापासून लेक दोन ओळी पाठवते. त्या दोन ओळी मात्र तिच्याच असतात, असं बाई समाधानाने सांगतात. यजमान तेव्हा पेपर वाचत असतात.

तर त्या वर्षी गोष्ट अशी झाली. दूरच्या मोठ्या शहरातलं एक निवासी विद्यालय दर वर्षी या शाळेतली दोन मुलं घेत असे. राहणं, शिकणं, सगळं त्यांच्याकडे. निवड एका निबंधावर, आणि सोबत भाषेच्या शिक्षिकेचं प्रमाणपत्र लागायचं, की लेखन विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे. विषय होता 'माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट'. निबंध घरून लिहून आणायचा होता. यादी शनिवारी दुपारी बारा वाजता जाणार होती. बुधवारी चौतीस निबंध जेवणाच्या टेबलावर आले.

पंधरा-सोळा झाले असतील. बाई भराभर नावं सांगत होत्या, यजमान टाचण्या काढत होते. मग त्यांनी एक कागद उचलला.

"रांग कुणी लावत नाही, ती लागते. शाळेसमोरच्या बसथांब्यावर मी चाळीस दिवस मोजलं. सात माणसं होईपर्यंत ती रांग असते. आठवा माणूस आला की पहिले तिघं मागे वळून बघतात. अकरावा आला की रांग उरत नाही. माणसं पुढे जाण्यासाठी ढकलत नाहीत. मागचा आपल्याला ओलांडेल या भीतीने ढकलतात. म्हणून बस रिकामी आली तरी ढकलाढकली तेवढीच होते."

अशी दोन पानं. वाचून झाल्यावर यजमान जरा थांबले. "पुन्हा वाचू का?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, आणि बाईंना तिथेच पहिली शंका आली.

"नको. वकिलाचा मुलगा. पण पुरता तोही नाही. कुठून तरी उचललेलं आहे."

टाचणी निघाली. "ड्रायव्हरची मुलगी," यजमान म्हणाले.

बाई वळल्या. कपाट उघडून त्यांनी त्या मुलीचे वर्षभरातले चार निबंध काढले. ते त्यांना चांगले आठवत होते. घरभर डिझेलचा वास, बाबांचे सुजलेले हात, पहाटे भरलेला डबा. साधी भाषा, मध्येच एखादा चुकलेला शब्द. चारही वेळा आवाजाला नऊच्या खाली गुण नव्हते. आणि आता हीच मुलगी बसथांब्यावर दोन पानं लिहिते, ज्या थांब्यावर तिच्याच बापाची बस थांबते, आणि त्यात बाप नाही. वास नाही, हात नाहीत, डोळ्यांत टिपूस नाही. सगळं कसं कोरडं, मोजूनमापून, मोठ्या माणसासारखं.

"मोजलंय ते खरंच मोजल्यासारखं वाटतं," यजमान हळूच म्हणाले.

"तुम्हाला नकाशातलं कळतं. यातलं मला कळतं."

यजमानांनी टाचणी परत लावली. एकतीस वर्षांच्या संसारात कधी गप्प बसावं हे ते पक्कं शिकले होते. बाईंनी लाल पेन काढलं, रकान्यात शून्य घातलं आणि खाली लिहिलं, 'हा आवाज तुझा नाही. कुणी लिहून दिलं?'

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मुलीला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. मुलगी चौदा वर्षांची, उंच, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी राहणारी. तिने शेरा वाचला.

"मीच लिहिलंय, बाई."

"मग बाबा कुठे गेले?"

"कामावर होते."

"निबंधात का नाहीत, असं विचारतेय मी."

"रांग त्यांनी कुठे बघितली, बाई? ते आत बसलेले असतात. रांग मी बघितली."

उत्तर चोख होतं. इतकं चोख, की बाईंच्या मते ते घरी बसून तयार केलेलं असणार. खऱ्या माणसाला उत्तर शोधावं लागतं, तो अडखळतो. ही अडखळत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणावं तर हिच्या चेहऱ्यावर तेही दिसत नव्हतं, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला.

"मग माझं नाव यादीत जाणार नाही?" मुलीने विचारलं.

"खरं सांगितलंस तर बघू."

"खरंच सांगितलं, बाई."

मग घंटा झाली आणि मुलगी गेली. शून्य पडलेला कागद त्याच दिवशी मोठ्या बाईंच्या टेबलावर पोचला.

आता लिहून देणाऱ्याला पकडणं बाकी होतं. शुक्रवारी सकाळी बाईंनी वकिलाच्या मुलाला बोलावलं. हा गुटगुटीत, घामट, एरवी बडबड्या. दार लावून घेतल्यावर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ड्रायव्हरच्या मुलीला निबंध तू लिहून दिलास?"

"नाही बाई. आईशप्पथ नाही."

"मग तो तुझ्यासारखा कसा वाटतो?"

"माझ्यासारखा कुठे, बाई? मला असं कुठे येतं? मी तर वहीतल्यासारखंच लिहितो."

बोलून गेला आणि त्याने ओठ चावले. बाईंनी कान टवकारले.

"कुठल्या वहीतल्या?"

अर्ध्या तासाने वही आली. शंभर पानी, पुठ्ठा सुटून चिकटपट्टीने जोडलेला, आत निरनिराळी अक्षरं. नऊ वर्षं ती एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे चालत आली होती, तीही शिस्तीत, वर्षअखेरीला मोठ्यांनी धाकट्यांना द्यायची. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कानबाईंसाठी'. मुलाला त्यांनी बाहेर बसवलं आणि एकट्याच वाचायला लागल्या.

'पहिल्या ओळीत कुठला तरी वास पाहिजे. तिसऱ्या परिच्छेदात आपली एक चूक कबूल करायची. घरातल्या मोठ्या माणसाने एकच वाक्य बोलायचं, पण ते लक्षात राहील असं. थोडं रडू चालतं. जास्त झालं की बाईंना संशय येतो.'

पुढे घराप्रमाणे पानं होती. 'डॉक्टरांची मुलं: घरी कुणी नसतं, फ्रिजवर चिठ्ठी.' 'दुकानदार: गिऱ्हाइकाने बाबांचा अपमान केला, आपण मागे उभे.' 'ड्रायव्हर, वॉचमन, शिपाई: हात, डबा, थकवा. भाषा साधी. एक शब्द मुद्दाम चुकवायचा, बाई त्याला गोल करतात पण गुण कापत नाहीत.' 'वकील: घरात सगळे बोलतात, माझं कुणी ऐकत नाही. शेवट खिडकीवर करायचा.'

वकिलाच्या पानाशी बाई थांबल्या. मागच्या पालकसभेत त्यांनी त्या वकिलाला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं होतं, की साहेब, न्यायालयात बोलता तेवढं पुरे, घरी जरा मुलाचं ऐका. तो बिचारा मान खाली घालून गेला होता. त्यांनी दार उघडलं आणि मुलाला विचारलं, "बाबा तुझं ऐकत नाहीत?"

"आधीही ऐकायचे, बाई. आता तर रोज अर्धा तास समोर बसवून ऐकतात. मला सांगायला काही उरत नाही."

बाईंनी दार पुन्हा लोटलं. त्यांना आधी वाटलं, हेही खोटं असेल. मुलांनी मिळून आपल्याला बनवायला ही वही आजच लिहून काढली असेल. म्हणून त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटातून जुने गठ्ठे काढले, गेल्या चार वर्षांचे. एकेक निबंध चाळला. वास पहिल्या ओळीत. चूक तिसऱ्या परिच्छेदात. खिडकी शेवटी. ज्या ओळींखाली त्यांनी लाल पेनने 'व्वा' लिहिलं होतं, त्या ओळी वहीत 'हमखास' म्हणून उतरवून ठेवलेल्या होत्या. विसातले एकोणीस अंदाज बरोबर यायचे यात नवल ते काय. बाईंच्या मनात ज्याचं जे माप होतं त्याच मापाचा निबंध तो शिवून आणत होता. त्यांना कधी कुणी सापडलं नव्हतं. त्या आपल्याच अंदाजांना गुण देत बसल्या होत्या. लाज वाटली. इतकी, की त्या सभागृहातल्या हशाच्या दिवशीही वाटली नव्हती, कारण तिथे निदान एक मुलगा लबाड होता. इथे लबाडी शिकवणारं माणूस कोण, ते त्यांना स्वच्छ दिसत होतं.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर शाई ताजी होती. 'निवासी विद्यालयाच्या निबंधासाठी वही वापरायची की खरं लिहायचं? मत घेतलं. वही तेहतीस. खरं एक.'

ती एक कोण, हे विचारायला बाईंना कुणाला बोलवावं लागलं नाही. जे चार निबंध त्यांनी कसोटी म्हणून कपाटातून काढले होते ते वहीतले होते, आणि ज्याला शून्य दिलं तेवढा एकच त्या मुलीचा होता. मुलीची जागा तर जाणारच होती, पण 'लिहून आणलेला निबंध' हा शेरा जन्मभर तिच्या नोंदीत राहणार होता. आणि तो काढायचा तर वही दाखवल्याशिवाय इलाज नव्हता.

ती वही घरी नेऊन चुलीत घालता आली असती. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि चांगला पाच मिनिटं बसून राहिला. मग त्या उठल्या.

मोठ्या बाईंनी वही वाचली. हसू आलं असावं, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही. "म्हणजे नऊ वर्षं आपण जे दहा-दहा गुण वाटले..."

"ते चुकले."

"तुमचा कान चुकला म्हणता?"

"कान नाही. मला काय ऐकायला आवडतं ते मी त्यांना शिकवलं, आणि मग तेच ऐकून खूश झाले."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या वर्षी हा रकाना छापायला नको, बाई."

"नको," कानबाई म्हणाल्या. एवढंसं बोलायला त्यांना फार जड गेलं. शून्य खोडलं गेलं. बाईंनी तिथेच उभ्याने प्रमाणपत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारून घेतला आणि रांगेच्या निबंधाला टाचून यादीच्या पाकिटात ठेवलं.

शनिवारी सकाळी त्या लवकर आल्या. मुलीला कसं सांगायचं याची वाक्यं त्यांनी वाटभर जुळवली होती, पण मुलगी त्यांच्या आधीच शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. हातात कागद, वरची कड दुमडून टाचणी लावलेला.

"बाई, पुन्हा लिहून आणलाय," ती म्हणाली. "घेता का?"

बाईंनी कागद घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. 'पहाटे बाबा उठतात तेव्हा आमच्या घराला डिझेलचा वास येतो.' थांब्यावर मुलगी डबा घेऊन उभी, गर्दीत तिला आपल्या बाबांची लाज वाटते, ही तिसऱ्या परिच्छेदातली कबुली. मग सुजलेला हात खिडकीतून बाहेर येतो आणि बाबा म्हणतात, 'घाबरू नको पोरी, माझ्या बसला तुझ्यासाठी नेहमी जागा आहे.' एक शब्द चुकलेला. सगळं माहीत असूनही बाईंचा हात 'व्वा' लिहायला लाल पेनकडे गेला. इतकं ते चांगलं जमलं होतं.

"आता माझा आवाज आलाय ना, बाई?"

बाई खुर्चीवर बसल्या. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "पहिला निबंधच बरोबर होता. तोच पाठवतेय. आवाजाचे दहापैकी दहा."

मुलीच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तिने बाईंकडे बघितलं, मग मागे दाराकडे, तिथे कुणी उभं आहे का ते पाहायला. "का?"

"कारण तो तू लिहिलायस."

"परवाही मीच लिहिला होता."

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. विद्यार्थ्यापुढे हे त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या.

"की विचारून बघताय? मी हो म्हटलं की पुन्हा शून्य?"

बाईंनी पाकीट उघडून प्रमाणपत्र तिच्यापुढे ठेवलं. मुलीने ते सगळं वाचलं. उलटून मागची बाजू बघितली. शिक्क्यावरून बोट फिरवून ते बोट बघितलं, शाई लागते का म्हणून. सहीशी थोडा वेळ थांबली. मग कागद जपून परत दिला आणि म्हणाली, "थँक यू, बाई," पण तिचा स्वर अजून सावधच होता. बाईंना तो स्वर ओळखता आला. एकतीस वर्षं त्या स्वतः त्याच स्वरात बोलत आल्या होत्या.

टेबलावरचा दुसरा निबंध मुलीने उचलला, घडी घातली आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवायला लागली.

"तो फाडून टाक," बाई म्हणाल्या. "आता नाही लागायचा तो तुला."

"असू दे, बाई," मुलीने चेन ओढली. "तिथेही कुणीतरी बाई असतीलच."